आत्यावर गेलेली

द्वारकाबाई एवढी बुटकी का, हा प्रश्न तिच्या माहेरी कुणाला कधी पडलाच नाही, कारण उत्तर आधीपासून तयार होतं. आत्यावर गेलीय. कस्तुराआत्या म्हणे अशीच होती, हाडानं बारीक, खांद्यात वाळलेली, पहिल्याच बाळंतपणात गेली. थोरला भाऊ नानासाहेब, तिचा दादा, मात्र वडिलांवर गेला होता, धिप्पाड, गोरापान. एका आईच्या पोटची दोन लेकरं, एक चौकटीतून वाकून आत येणार आणि दुसरं फळीवरचा डबा काढायला पाट मागणार. बघणाऱ्याला नवल वाटायचं, घरच्यांना नाही. रक्तात असतं ते उतरतं, एवढं बोलून विषय मिटायचा.

द्वारकाबाईलाही ते पटलेलं होतं. न पटायला काय झालं? जन्मल्यापासून तेच ऐकत आलेली. लासूर स्टेशनच्या बन्सीला ती दिली तेव्हा सासूनं नाक मुरडलं होतं, की पोरगी पाटलाची अन् दिसते रोजंदारीवरची. तेव्हाही तिनं खाली मान घालून सांगितलं होतं, “आत्यावर गेलेय मी.” जसा काही तिचाच गुन्हा होता आणि आत्यानं तो अंगावर घेतला होता.

आता ती पन्नाशी ओलांडलेली बाई. लेकीचं लग्न झालं, मुलगा बापाबरोबर भुसारच्या दुकानात बसतो, सगळं बरं चाललेलं. अशात एके दिवशी दुकानासमोर दादाची पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून आवडाबाई उतरली. आई. जिला लेकीच्या घरी यायला सण लागायचा, तोही चुकूनमाकून, ती आई न सांगता आली होती आणि उंबऱ्यातच रडत होती.

“द्वारके, तुझा दादा जातोय गं.”

दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं द्वारकाबाईला ठाऊक होतं. साखर त्यांच्या घराण्यातच होती. वडिलांचा, तात्यासाहेबांचा, पाय त्या साखरेनंच कापावा लागला आणि त्यातच ते गेले. दादाला ती चाळिशीत लागली. सरकारी नोकरी, शहरात गारखेड्याला बंगला, गावाकडं पाणी आल्यावर लावलेला ऊस, आणि जेवायला बसला की वाढणाऱ्याचे हात दुखावेत असा आहार. साखरेच्या माणसाला आई श्रीखंड वाढायची आणि वर म्हणायची, घराण्याचा आजार हाय, खाल्लं काय न् नाय खाल्लं काय. आता आठवड्यात दोनदा डायलिसिसच्या खाटेवर पडायचं आणि उरलेले दिवस तिथून आलेला थकवा काढायचा, असं त्याचं जिणं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरातल्या कुणी किडनी दिली तर माणूस वाचेल.

वहिनीचा रक्तगट जुळला नाही. तिशीतल्या मुलाचा विषय निघाला तेव्हा वहिनी म्हणाली, त्याचं अजून लग्न व्हायचंय, आणि आवडाबाई म्हणाली, पोराच्या अंगाला सुईसुद्धा लावू देणार नाही. मग सगळ्यांना एकदम लासूरची आठवण झाली.

“तूच त्याची सख्खी,” आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. “एका रक्ताची.”

बन्सी दुकानातून उठून आत आला होता. सासूसमोर तो कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही. “माहेरानं तुला काय दिलं तेवढं एकदा सांग मला,” तो बायकोला म्हणाला. “मग काय द्यायचं ते बघू.”

द्वारकाबाईनं त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी ती पिशवी भरून गारखेड्याला गेली.

ती गेली त्या दिवसापासून तिथं जे सुरू झालं, त्यानं ती पार भांबावून गेली. आवडाबाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं की किडनी दणकट पाहिजे. म्हणजे लेकीला खाऊपिऊ घातलं पाहिजे. सकाळी दुधाचा पेला, वर जाड साय. नाश्त्याला अंडी, जी त्या स्वयंपाकघरात कधी शिजली नव्हती, त्यांच्यासाठी मागच्या ओट्यावर वेगळी शेगडी मांडली. खारीक, बदाम, मुगाचे लाडू. आणि दुपारी पहिलं ताट द्वारकाबाईचं.

पहिलं ताट! त्या घराची रीत जिला माहीत नाही तिला यातलं काही कळायचं नाही. गावाकडच्या घरी आधी गडीमाणसं बसायची, मग पोरं, म्हणजे पोरगेच, त्यांच्यानंतर सासवा, आणि सगळ्यांचं आटपलं की सुना नि लेकी, तव्यावर जे उरलं असेल त्यावर. म्हशीचं दूध दादाला, दह्यावरची साय दादाला, लोणी कढवलं की तूप तात्यासाहेबांना आणि दादाला. द्वारकेला ताक. तुपाच्या तळाशी उरलेल्या बेरीसाठी ती आईच्या मागं घुटमळायची, तर आई म्हणायची, “पोरीच्या जातीला कशाला लागतंय? लवकर वाढतात त्यानं.” पोरगी लवकर वाढली की लवकर उजवावी लागते, हे त्या काळच्या आयांचं शास्त्र होतं. पुढं पोरगी वाढलीच नाही, तर आत्या होतीच की नाव घ्यायला.

आणि आता तीच आई ताटाशी बसून म्हणत होती, “अजून एक पोळी घे गं. तूप कमी झालं का?”

खरं सांगायचं तर द्वारकाबाईला ते आवडत होतं. वाईट वाटण्याइतकं आवडत होतं. भाऊ आतल्या खोलीत सुजल्या पायांनी पडलेला, त्याला पाणीसुद्धा मोजून, केळं बंद, डाळिंब बंद, तूप तर हृदयावर ताण आल्यापासून बंदच. आणि ही बाहेर बसून गरम पोळीवर तूप घेतेय. सकाळी डोळे उघडले की आधी पेल्याची आठवण व्हायची आणि मग तिची तिलाच लाज वाटायची.

तपासण्या सुरू झाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, द्वारकाबाईच्या लेकीच्या वयाच्या. एकदा त्यांनी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं, “ताई, तुमच्यावर कुणी जबरदस्ती तर केली नाही ना? तसं असेल तर मला सांगा. मी बाहेर वेगळं कारण सांगेन.”

“नाय बाई. भाऊ हाय माझा,” ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. भावावर तिचा जीव होताच. शाळेत जाताना तो तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचा. पण त्याच्याही खाली एक कारण होतं, ते ती कुणाला सांगणार? आई तिला पहिल्यांदा वाढत होती. तेवढ्यासाठी तिनं दोन्ही किडन्या दिल्या असत्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई हसतच बाहेर आल्या. बहीणभावाच्या रक्तातल्या खुणा इतक्या तंतोतंत जुळल्या होत्या, की सख्ख्या भावंडांतही दर वेळी असं होत नाही, म्हणाल्या. जणू एकाच मापानं कापलेलं कापड. आवडाबाईनं तिथंच हात जोडले आणि लेकीच्या तोंडावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. लेकीच्या लग्नातही तिनं अशी दृष्ट काढली नव्हती. “माझंच रक्त हाय ते,” ती येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला सांगत सुटली. त्या दिवशी घरी पुरणपोळी झाली आणि दादानं खोलीतून हाक मारून बहिणीला जवळ बसवलं. तो नुसता तिचा हात धरून बसला, आणि तिला वाटलं की आपल्या जन्माचं काहीतरी झालं.

राहिलेल्या तपासण्या म्हणजे आता नुसता सोपस्कार, असंच सगळे धरून चालले होते. गोड पाणी पाजून रक्त काढलं. मशीनखाली झोपवून किडन्या किती काम करतात ते पाहिलं. मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं, दादाला चाकाच्या खुर्चीतून. या खेपेला त्या हसत नव्हत्या.

“ताई, तुमचा जन्म कोणत्या वर्षीचा?”

“दुष्काळातली हाय ती,” उत्तर आवडाबाईनं दिलं. “बाहत्तरच्या.”

“तुम्हाला तेव्हा, पोटुशी असताना, खायला मिळत होतं?”

आवडाबाई हसली. त्या हसण्यात एक जुना तोरा होता. खायला कुणाला मिळत होतं? विहिरी आटल्या, ढोरं गेली, गावचं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. शेजारची राजाबाई, मेंढरं हाकणाऱ्या घरची, तीही आवडाबाईसारखीच पोटुशी, रोज टोपलं घेऊन जायची आणि संध्याकाळी सरकारनं वाटलेली सुकडी पदरात बांधून आणायची. पाटलाची सून मात्र गेली नाही. पाटलाची सून चार लोकांत खडी फोडते, हे कसं चालेल? सरकारची सुकडी खाते, हे तर मुळीच नाही. घरात जी थोडी ज्वारी होती तिची भाकरी गडीमाणसांना आणि चार वर्षांच्या नानाला, राहिलेल्या एकुलत्या म्हशीचं अर्धा तांब्या दूध तेही नानाला, आणि सुनेला भाकरीचा तुकडा पाण्यात कुस्करून. एकदा राजाबाईला कणव आली, तिनं परसाच्या भिंतीवरून मूठभर सुकडी दिली. आवडाबाईनं तोंडात टाकायच्या आतच सासूनं पाहिलं आणि हातातून घेऊन म्हशीच्या गव्हाणीत फेकली. म्हशीनं खाल्ली.

हे सगळं आवडाबाईनं त्या तरुण डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि कसं? घराण्याची अब्रू राखल्याची गोष्ट सांगावी तसं. “आमच्या घरचं कुणी खडीवर गेलं नाय,” ती शेवटी म्हणाली. राजाबाईची पोरगी त्याच महिन्यात झाली आणि पुढं अंगापिंडानं थोराड निघाली, गावातल्या पोरांना उचलून आपटायची, हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते द्वारकाबाईला आपोआप आठवलं.

 मग डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. किडनीत बारीक बारीक चाळण्या असतात, रक्त गाळणाऱ्या. त्या बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात, जन्मल्यावर एकही नवीन होत नाही. आईच उपाशी असेल तर बाळाच्या वाट्याला त्या कमी येतात. पुढं बाळपणीही अंगाला काही लागलं नाही, तर सगळं शरीर काटकसरीनं घडतं. ताईंच्या दोन्ही किडन्या लहान आहेत आणि दोन्ही मिळून कशाबशा त्यांच्यापुरतं काम करतायत. शिवाय साखर. घराण्यातली आहे, दोघा भावंडांत उतरली. दादांची वर आली खाण्यापिण्यानं. ताईंची दबून होती, उपासमारीत घडलेल्या शरीरात ती अशीच दबा धरून बसते, ती आता तपासणीत दिसली. एक किडनी काढली तर थोड्याच वर्षांत त्या दादांच्या शेजारच्या खाटेवर असतील. म्हणून घेता येणार नाही.

“पण रक्त तर जुळलंय,” आवडाबाई म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. “तुम्हीच म्हनला ना, कापडावानी जुळलंय?”

“रक्त जुळलंय, आजी. रक्तात काहीच कमी नव्हतं.” डॉक्टरीणबाईंनी द्वारकाबाईकडं पाहिलं, तिच्या लहानशा मनगटाकडं, खुर्चीवरून जेमतेम जमिनीला टेकलेल्या पायांकडं. “दोघांना आईबापांकडून मिळालेलं बरंचसं सारखंच होतं. पोटाला मिळालं असतं, तर ताई कदाचित दादांच्या खांद्यापर्यंत तरी आल्या असत्या.”

तिघं घरी निघाली. सूतगिरणी चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दादानं एकदा मागं वळून बहिणीकडं पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागला. द्वारकाबाई आपले हात बघत होती. खांद्यापर्यंत. आयुष्यभर जिला ती आपल्या हाडातली खोट समजत आली, जिच्यापायी सासूचे टोमणे खाल्ले, लेकीच्या जन्माच्या वेळी मरता मरता वाचली, ती खोट नव्हतीच तर. कुणीतरी रोज थोडं थोडं काढून घेतलं होतं, आणि तेही समोर, ताटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, तोंड धुतलं आणि सवयीनं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसली. मागच्या ओट्यावरची शेगडी थंड होती. वहिनीनं चहाचा कप पुढं केला, “घ्या वन्सं,” म्हणाली आणि वळली. दुधाचा पेला आला नाही. आपण पेल्याची वाट बघतोय, हे लक्षात आलं तेव्हा द्वारकाबाईला रडूच कोसळलं. पन्नाशीची बाई, दुधासाठी रडते! तिनं चहात तोंड खुपसलं. कुणी मुद्दाम बंद केलं नव्हतं, वाईट तर तेच होतं. कशाला द्यायचा तेच उरलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत आवडाबाई फोनवर होती. गावाकडचे काकासाहेब, तिचे दीर, चौकशी करत होते. आईला कमी ऐकू यायचं, म्हणून ती फोनवर ओरडून बोलायची, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

“नाय ना जमलं! डाक्तर म्हनले बारीक हाय किडनी. व्हय व्हय. आता तिचं हाडच बारीक, भाऊजी, त्याला काय करायचं? आत्यावर गेलीय ती.”

द्वारकाबाईच्या हातातला कप खाली ठेवला गेला. ती उठून बाहेर आली आणि आईचा फोन संपेपर्यंत समोर उभी राहिली. आयुष्यात तिनं आईला उलट उत्तर दिलं नव्हतं. आवाज कसा लावायचा तेही तिला नीट माहीत नव्हतं, त्यामुळं तो फार हळू निघाला, आणि तरी आवडाबाईला ऐकू गेला.

“आई, आत्या कुणावर गेलती?”

“आं?”

“मी आत्यावर गेले. मग आत्या कुणावर गेलती? आजीवर? अन् आजी?” ती आणखी जवळ आली. “त्याच घरात वाढली ना गं ती बी? तिला कोण वाढायचं? ती बी मागूनच जेवायची ना?”

आवडाबाईनं फोन मांडीवर ठेवला. तिच्या तोंडावर आधी राग आला, लेक अशी बोलते याचा. मग तो ओसरला आणि तिथं काहीच उरलं नाही, नुसती एक म्हातारी बाई उरली.

“मला तरी कोन वाढलं, द्वारके?” ती म्हणाली. “मी बी मागूनच जेवले की. समद्या जनमात.”

“माहीतेय मला. तरी तू मला वाढलं नाय.”

 उत्तर ऐकायला द्वारकाबाई थांबली नाही. ती आत जाऊन पिशवी भरू लागली. दुपारी लासूरकडं जाणारी एसटी मिळाली असती. आतल्या खोलीतून दादाच्या काठीचा आवाज आला. तो भिंतीला धरत धरत टेबलापर्यंत आला, खुर्चीत बसला, धाप लागलेली थोडी खाली बसू दिली आणि म्हणाला, “द्वारके, जेवून जा. ये. इथं माझ्याजवळ बस.”

सगळं त्यानं ऐकलं होतं. त्याच्या तोंडावरून कळत होतं. तो पुन्हा पुन्हा शेजारची खुर्ची सरकवत होता. त्याचाही राग धरावा असं द्वारकाबाईला क्षणभर वाटलं, पण तिला तो ओढ्यातला पोरगा दिसला, आणि त्या पोरग्यानं काय, पुढ्यात आलेलं खाल्लं होतं. ती बसली.

वहिनीनं दोघांची ताटं मांडली. दादाच्या ताटात दोनदा उकळून पाणी काढलेली भाजी आणि मिठाविना भात. द्वारकाबाईच्या ताटात पोळी, वांग्याची भाजी, वरणभात. दोघं खाली मान घालून जेवू लागली. तोवर आवडाबाई स्वयंपाकघरातून आली. हातात तुपाची वाटी, नुकतं कढवलेलं, गरम, आणि त्यात चमचा. सवयीनं ती आधी लेकाच्या ताटाकडं वळली. चमचा त्याच्या भातावर आला आणि तिथंच थांबला, त्याला बंद आहे हे आठवून. मग तो हळूहळू टेबलावरून पुढं आला. म्हातारीचे डोळे भरलेले होते.

“घे गं,” ती म्हणाली. “मी वाढते तुला. घे.”

द्वारकाबाईनं ताटावर आडवा हात धरला. आईला ते नीट दिसलं नसावं, किंवा दिसूनही तिनं चमचा थांबवला नसेल. तूप तिच्या हातावर पडलं, मागच्या बाजूला, शिरांवरून ओघळून मनगटाशी आलं आणि टेबलावर ठिपकू लागलं. चटका बसला, तरी तिनं हात काढला नाही.

“नको आई,” ती म्हणाली. “आता ते अंगी लागायचं नाय.”